मठार

तांबट लेनमध्ये मी आधी कानांनी वाढले.
सकाळी सहाला कुणीतरी घंगाळावर पहिला ठोका टाकी,
मग समोरून उत्तर, मग कोपऱ्यावरून,
शाळेत निघेपर्यंत अख्खी गल्ली एका भांड्यासारखी घुमत असे.
मला अजून शांत खोलीत झोप लागत नाही.

आणि काम मात्र शांत खोलीतच करते,
गंगापूर रोडला, तिसऱ्या मजल्यावर.
सदतीस अंशांच्या कपाटात
नाळेच्या रक्तातल्या पेशी
गुलाबी द्रावात राहतात.

दोन बश्या.
पहिलीतलं तांबं मी एका रसायनानं बांधून टाकलंय,
सांडशीत तापला पत्रा धरावा तसं.
तिथे नुसत्या दोनाच्या चार, चाराच्या आठ,
तिसरा आठवडा उजाडला तरी
बऱ्याचजणी काहीच व्हायला तयार नाहीत.
दुसरीत तांबं थोडं वाढवलंय.
तिथे घाई.
जिनं तिनं आपापलं काम उचललं
आणि वाढणं सोडून दिलं.
आणखी टाकलं की मरतात.
तेही करून पाहिलंय, वहीत तारखेनिशी आहे.

अप्पांना सांगितलं तर म्हणाले, म्हणजे कोरा पत्रा.
ठोकत गेलं की तांबं अडतं, ताठ होतं,
मग भट्टीत लाल करायचं, पाण्यात विझवायचं,
परत मऊ.
तुझ्या पेशीला असं मागे आणता येतं का?
नाही, म्हटलं. सहसा नाही.
मग घाई नको करूस, ते म्हणाले,
आणि कळशीचा गळा फिरवून घेतला.

श्रीपादचं नाव घरात कुणी काढत नाही.
मी सात वर्षांची, तो अकरा महिन्यांचा.
केस फिकट, पिळलेले, हात लावला की तुटणारे,
भांडी घासायच्या तारेसारखे.
मान कधी धरलीच नाही त्यानं.
मावशी म्हणाली, दृष्ट.
आई रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी
चमच्या-चमच्यानं पाजायची.
अप्पांनी त्याच्या पायात घालायला वाळा घडवला,
स्वतः मठारला,
चौसष्ट ठोके, मी मोजले होते.

माळ्यापर्यंत हंडे रचलेल्या घरात
त्याच्या रक्ताला तांबं मिळत नव्हतं.
ते आतड्याच्या भिंतीपर्यंत यायचं
आणि तिथेच साचायचं.
पुढे सोडणारं दारच त्याच्यात नीट घडलं नव्हतं.
हे मला पंधरा वर्षांनी कळलं,
परीक्षेच्या आदल्या रात्री, उजव्या हाताच्या पानावर.
छायाचित्रातल्या बाळाचे केस ओळखीचे होते.

अप्पांना मी हे सांगितलेलं नाही.
हा दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो,
ते आईला तर मुळीच नाही.
माझ्यात आहे का, त्याची तपासणी
दोनदा लिहून घेतली, दोनदा खोडली.
लग्न मार्गशीर्षात आहे.

काल रविवार. अप्पा कानस मारत बसलेले.
विचारलं, माणसाच्या अंगात असतं तरी किती तांबं?
मोठ्याच्या सगळ्या अंगात मिळून
तांदळाच्या दाण्याएवढंही नसेल, मी म्हटलं.
आणि बाळाच्या?
मोहरीएवढं.

त्यांनी ओल्या बोटानं खरवईवरचा कीस टिपला,
चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले.
एवढं?
एवढंच.

बोट त्यांनी पुसलं नाही.
बराच वेळ मोडलेल्या फुंकणीकडे पाहत होते,
मग माझ्याकडे न बघता म्हणाले,
त्याला एवढंच कमी पडलं?

मी तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारी
कुणीतरी घंगाळावर पहिला ठोका टाकला.